सातारा ते पंढरपूर, १४० किलोमीटर: सोळा रविवारांच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२५, रविवार. २५ किमी

बेत असा: १८ जानेवारीला सातारा, कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड, पिलीव, पंढरपूर. एका दिवसात सुमारे १४० किमी. जाताना सायकलवर, येताना सायकली टेम्पोत. सोळा जण, वय १९ ते ६१. नऊ हायब्रीड (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणाऱ्या), तीन एमटीबी (रुंद टायरच्या डोंगरी), दोन रोड बाईक आणि दोन साध्या बिनगिअरच्या काळ्या सायकली.

जानेवारीच का, हे सारखं विचारलं जातं म्हणून एकदाच लिहून ठेवतो. कार्तिकीला हा रस्ता भरलेला असतो. नोव्हेंबरात म्हसवडला सिद्धनाथाचा रथ, डिसेंबरात गोंदवल्याचा पुण्यतिथी उत्सव, पाठोपाठ पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा. हे सगळं उरकलं की संक्रांत ते माघी एकादशी एवढीच फट उरते. आषाढात पश्चिमेचा वारा पाठीवर मिळतो हे कबूल, पण वर पाऊस, पुढे दिंड्या, आणि दिंडीला घंटी वाजवत बाजूला काढणं बरं दिसत नाही.

आज पोवई नाक्यावरून माहुलीमार्गे कोरेगावच्या दिशेने. मीटरवर साडेबारा झाले की मागे, गाव कुठलंही असो. सरासरी ताशी १६.८ किमी.

दर आठवड्याची एकूण बेरीज आधीच्या आठवड्यापेक्षा दहा-बारा टक्क्यांनीच वाढवायची आणि दर चौथा आठवडा हलका ठेवायचा. मंगळवार आणि गुरुवारी १५-१५, रविवारी मोठी फेरी. या आठवड्याची बेरीज ५५. लोक रविवारचाच आकडा लक्षात ठेवतात आणि मधले दोन दिवस बुडवतात, मग रविवारी गुडघे बोलतात. हृदय आणि दम तीन आठवड्यांत सुधारतो. स्नायूबंध आणि सांधे त्याच्या बरेच मागे असतात. ‘आता काहीच वाटत नाही’ असं वाटू लागतं नेमका तेव्हाच घोटाळा होतो.

नोंदीत दोन वेळा लिहायच्या: चाक फिरत होतं ती वेळ आणि घरून निघून घरी पोचेपर्यंतची वेळ. दुसरी कुणी लिहीत नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार. सीटची उंची

सोळापैकी अकरा जणांची सीट खाली होती. सवय अशी की थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. त्याने पॅडल वर येताना गुडघा फार दुमडतो आणि वाटीमागे दुखायला लागतं.

भिंतीला पाठ लावून, जाड पुस्तक दोन पायांमध्ये वर ओढून, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर घेतलं. त्याला ०.८८३ ने गुणलं की क्रँकच्या अक्षाच्या (पॅडलचे दोन्ही दांडे ज्याभोवती फिरतात त्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. ८० सेंमीला ७०.६. हा आकडा सुरुवातीपुरता. खात्री टाचेने करायची: पॅडल अगदी खाली असताना टाच त्यावर ठेवली तर गुडघा सरळ झाला पाहिजे, पण ढुंगण एका बाजूला कलता कामा नये. मग चवडा ठेवल्यावर गुडघ्यात हवी तेवढी वळण राहते.

सीट एकदम तीन सेंमी चढवू नये. आठवड्याला अर्धा सेंमी. गुडघ्याच्या पुढे दुखलं तर सीट खाली आहे, मागे लवणीत दुखलं तर वर. तळहात बधिर होत असतील तर आधी सीटचं नाक बघा. ते खाली झुकलेलं असेल तर सगळं वजन हातांवर सरकतं.

१२ ऑक्टोबर, रविवार. ३२ किमी

ऑक्टोबरचा उकाडा. नऊनंतर रस्ता तापतो. पुढच्या वेळी अर्धा तास लवकर.

१९ ऑक्टोबर, रविवार. ३८ किमी

आठवड्याची बेरीज ६८. एक पंक्चर, कारण सराटा. त्याबद्दल सविस्तर नंतर.

२६ ऑक्टोबर, रविवार. २५ किमी

दिवाळीचा हलका आठवडा. हलका आठवडा मुद्दाम दिवाळीत बसवला, नाहीतर तो आपोआप बसलाच असता आणि अपराधी वाटलं असतं. चकली आणि अनरसे हे सायकलवरचं खाणं नाही, एवढाच धडा.

२ नोव्हेंबर, रविवार. ४५ किमी

आज कार्तिकी, म्हणून पंढरपूर रस्ता टाळला. महामार्गाच्या सेवा रस्त्याने लिंब फाट्यापलीकडे, साडेबावीसला मागे. सेवा रस्ता सपाट आहे, पण उलट दिशेने येणाऱ्या मोटारसायकली हा त्याचा धर्मच आहे. डाव्या कडेला चिकटून चालवू नये. कडेपासून हातभर आत राहिलं तर समोरच्याला आपण लांबून दिसतो आणि चुकवायला डावीकडे जागा उरते.

बूड दुखण्याची तक्रार पहिल्यांदा आली, सात जणांची. त्यांपैकी पाच जणांनी जाड जेलचं कव्हर घातलं होतं. मऊ कव्हर पहिला तासभर सुखाचं, मग बसायची हाडं त्यात रुततात आणि मधला नाजूक भाग दाबला जातो. कव्हर काढून टाका. पॅडची चड्डी घ्या आणि तिच्या आत दुसरं काही घालू नका. सुती अंतर्वस्त्राची शिवणच सोलते. मांडीच्या सांध्यात व्हॅसलीन. दर पंधरा मिनिटांनी दहा-बारा पॅडल उभ्याने.

९ नोव्हेंबर, रविवार. ५२ किमी. यवतेश्वर आणि कास

पंढरपूर रस्त्यावर खरा चढ एकच, वर्धनगडचा. साताऱ्यापासून सुमारे ३० किमीवर, कोरेगाव आणि खटाव तालुक्यांच्या हद्दीवर, किल्ल्याच्या बगलेतून. त्याची तयारी यवतेश्वरावर केली. कासचा फुलांचा हंगाम संपलाय, त्यामुळे सकाळी गाड्या कमी.

चढाची चूक एकच आणि ती सगळे करतात: पायथ्याशी जोरात सुरुवात. पहिली पाच मिनिटं मुद्दाम हळू, बोलता येईल इतकं. गिअर चढाआधी उतरवायचा. चढावर पूर्ण जोर लावलेला असताना पुढची चेन लहान चक्रावर टाकायला गेलं की ती आत पडते; आज दोघांची पडली. अर्धा फेरा पाय सैल सोडला की निमूट उतरते.

बिनगिअरवाल्यांचा हिशेब वेगळा. पुढे ४४ दाती, मागे १८, चाक २८ इंची, म्हणजे सुमारे ६८ इंचाचा गिअर (पुढचे दाते भागिले मागचे, गुणिले चाकाचे इंच). मिनिटाला पॅडलचे ८० फेरे मारले तर ताशी २६. सपाटीला छान, घाटात बेकार. मागचं फ्रीव्हील (चाकावरचं दातेरी चक्र) २२ दाती केलं की ५६ इंच होतो: ८० फेऱ्यांना २१ चा वेग, आणि घाटात ४० फेऱ्यांवरही जवळपास ११ मिळतात. चार दाते वाढल्यावर चेन आखूड पडते. मागचं चाक खाचेत अर्धा इंच पुढे सरकवलं की भागतं. खाचेत तेवढी जागा नसेल तर चेनला एक जोड वाढवायचा. दोन्ही सायकलींना बदल केला. एकाचं चाक खाचेत बसलं, दुसऱ्याला जोड लागला.

उतरताना: ब्रेक धरून ठेवायचा नाही. दोन्ही ब्रेक एकदम, वळणाच्या आधी, दोन-तीन सेकंद, मग सोड. सतत घासत आणलं तर रिम इतकी तापते की हात लावता येत नाही, आणि ट्यूब फुटू शकते. काळ्या सायकलींचे रॉड ब्रेक घाटासाठी नाहीत. तीव्र वळणांवर उतरून चालत यायचं. कमीपणा नाही त्यात.

१६ नोव्हेंबर, रविवार. ६० किमी

आजची नोंद मोठी आहे, कारण आज खरा प्रश्न सापडला.

चाक फिरत होतं ३ तास २४ मिनिटं, म्हणजे सरासरी १७.६. घर ते घर ५ तास ९ मिनिटं. एक तास ४५ मिनिटं गेली कुठे? कागदावर मांडलं:

नाष्टा ५२ मिनिटं, ठरले होते २०. दोन पंक्चर ३१ मिनिटं. निघताना आणि फाट्याफाट्यावर एकमेकांची वाट बघणं २२ मिनिटं.

हाच हिशेब १४० ला लावला तर चार तास नुसते उभं राहण्यात जातात. सहाला निघून पंढरपुरात सहाला, म्हणजे दिवस मावळताना, आणि शेवटचे ३० किमी सगळ्यात थकलेल्या पायांनी. पायांचा दम वाढवायची गरज आहेच, पण सरासरी १७.६ ची १८.६ करायला दोन महिने लागतात आणि त्यातून १४० किमीला २६ मिनिटं वाचतात. एका नाष्ट्यात ३२ मिनिटं सांडली.

उपाय, पुढच्या रविवारपासून:

नाष्ट्याची ऑर्डर पोचायच्या अर्धा तास आधी फोनवर. सोळा प्लेट पोहे एकदम सांगितले तर हॉटेलवाल्याचीही धांदल होत नाही. मिसळ बंद, तर्री आणि चढ यांचं जमत नाही. चहा उभ्याने. बाटल्या भरायला दोघे, सगळ्यांच्या एकदम. एकाच्या गळ्यात शिट्टी. वेळ संपायला दोन मिनिटं असताना एकदा, निघताना एकदा.

आणि महत्त्वाचं: थांब्याचं घड्याळ शेवटचा माणूस पोचल्यावर सुरू होईल. आत्तापर्यंत काय व्हायचं, पुढचे दहा मिनिटं आधी पोचायचे, मागचा घामाघूम येऊन टेकतो न टेकतो तोच ‘चला’ म्हणायचे. ज्याला विश्रांती सगळ्यात जास्त हवी त्यालाच ती शून्य. मग तो पुढच्या टप्प्यात आणखी मागे पडतो आणि सगळ्यांचा वेळ तिथे जातो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. पंक्चर

रस्त्यावर पॅच लावायचा नाही. ट्यूब बदलायची, पॅच घरी. सराव घेतला: पॅच लावून १६ मिनिटं, ट्यूब बदलून ८.

या भागात पंक्चर करणारे दोन: वेडी बाभूळ आणि सराटा. सराट्याचा काटा टायरमध्येच राहतो, वरून दिसत नाही. नवी ट्यूब घालून दोनशे मीटरवर पुन्हा हवा जाते ती यामुळेच. बोट फिरवून शोधू नये, बोट फाटतं; जुन्या बनियनचा तुकडा टायरच्या आतून फिरवायचा, काटा तिथे अडकतो. त्याआधी ट्यूबमध्ये हवा भरून भोक कुठे आहे ते बघायचं, आणि टायरवरच्या छापील नावाशी व्हॉल्व्ह जुळवून बसवायची सवय ठेवायची. मग ट्यूबवरचं भोक सापडलं की टायरवरची जागाही सापडते. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर काटा नाही, हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली.

घरचा पॅच: पॉलिश पेपरने घासून चकाकी घालवायची, सोल्युशन पॅचपेक्षा मोठ्या जागेत पातळ लावायचं, आणि चार-पाच मिनिटं थांबायचं. बोटाला चिकटेल पण ओलं लागणार नाही इतकं सुकलं की पॅच दाबायचा. ओल्यावर लावलेला पॅच दुसऱ्या दिवशी घमेल्यातल्या पाण्यात बुडबुडे सोडतो.

हवा: ३५ मिमी टायरला ५५ ते ६०, एमटीबीच्या रुंद टायरला ४०-४५, रोड बाईकच्या २५ मिमीला ९० ते १०० पीएसआय, चालवणारा ७५ किलोच्या आसपास धरून. व्हॉल्व्ह तीन प्रकारचे निघाले: मोटारसायकलसारखा जाड, रोड बाईकचा बारीक आणि काळ्या सायकलीचा वॉलट्यूबवाला (आत बारीक रबरी नळी चढवलेला). एक पंप तिघांना चालत नाही. अडॅप्टर दोन घेतले, वॉलट्यूबचा तुकडा टूलकिटमध्ये टाकला.

२३ नोव्हेंबर, रविवार. ४० किमी

हलका आठवडा. शिट्टी चालली. नाष्टा २२ मिनिटं.

३० नोव्हेंबर, रविवार. ७० किमी

फिरतं चाक ३ तास ५८, एकूण ५ तास २०. वाया ८२ मिनिटं. अंतर दहाने वाढलं, थांबे २३ मिनिटांनी घटले.

ऊस सुरू झालाय. कोरेगाव रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर. त्यांच्याबद्दल नियम ठरवले. मागे चिकटून वारा चुकवायचा मोह आवरायचा; मोळी सुटते, कांडकं चाकाखाली येतं, आणि ट्रॉलीला ब्रेकचा दिवा असेलच असं नाही. ओलांडायचं तर उजवीकडून, एकेकाने, समोरचं पूर्ण दिसत असताना. ट्रॅक्टरवर गाणी इतक्या आवाजात असतात की घंटी, शिट्टी, हाक, काहीही चालकापर्यंत पोचत नाही. त्याने आपल्याला पाहिलंय असं कधीच धरू नये. ट्रॉली शेतातून डांबरावर चढते तिथे चिखलाचा पट्टा असतो. त्यावर ब्रेकही नको, वळणही नको, सरळ जायचं.

घोळका तीन गटांत तोडला: ५, ५, ६. दोन गटांत अर्धा किलोमीटर. सोळा सायकली सलग असल्या की मागच्या ट्रकला ओलांडायला जागाच मिळत नाही, मग तो मध्येच घुसतो. गटात एकामागे एक, पुढच्या चाकापासून एक सायकलभर अंतर. पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक न्यायचं नाही. तो खड्डा चुकवायला हलला की आपण पडतो, तो नाही. पुढे राहायची पाळी तीन किलोमीटरची. पुढच्याने खड्डा, गतिरोधक, खडी ओरडून सांगायची, मागच्याने ‘गाडी’. प्रत्येकाने पुढचा शब्द मागे पोचवायचा, नाहीतर तिसऱ्यापर्यंत विरतो.

६ डिसेंबर, शनिवार

मोटारसायकलवरून म्हसवडपर्यंत रस्ता पाहिला. वर्धनगड ओलांडल्यावर पुन्हा कोरेगावइतकं खाली उतरायचं नाही. पलीकडे खटावचं पठारच आहे. म्हणजे ३० किमीपर्यंत कमावलेली उंची लगेच परत जात नाही. पुढे माण तालुका: झाडं कमी, सावली कमी, डांबराच्या कडेला सराट्याची वेल. विसाव्यासाठी सायकल कडेला मातीत आडवी टाकायची नाही. उचलून दगडावर किंवा फरशीवर. आणखी एक: प्रत्येक गावाच्या आधी गतिरोधकांची रांग, पट्टे पुसलेले. उतारावरून येताना हे दिसत नाहीत.

७ डिसेंबर, रविवार. ८० किमी

पुसेगावपर्यंत जाऊन मागे, उरलेले किलोमीटर साताऱ्यात. एकाच्या मागच्या चाकाचा स्पोक तुटला, चेनच्या बाजूचा, हबजवळच्या वळणात. तिथेच तुटतात, त्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात, आणि शेजारचा एक सैल पडला की भार बाकीच्यांवर येतो. तुटलेला शेजारच्याला गुंडाळला, मागचा ब्रेक सैल केला, ३५ किमी हळू आणलं. सगळ्यांचे स्पोक नखाने वाजवून पाहिले. एकाच बाजूचे साधारण एका सुरात वाजले पाहिजेत. चार चाकं दुरुस्तीला.

१४ डिसेंबर, रविवार. ९० किमी

गोंदवल्याच्या उत्सवामुळे आज पूर्वेला जाणं नको, वाईकडे गेलो. फिरतं चाक ५ तास ५, एकूण ६ तास २५, वाया ८०.

खाण्याचा धडा. ६५ किमीच्या पुढे तिघांचे पाय अचानक गेले: थरथर, चिडचिड, ताशी १२. पोहे भरपूर खाल्ले होते, पण त्यानंतर अडीच तास काहीच नाही. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात आणि ती भूक लागायच्या आधी. मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम. आता दर ४० मिनिटांनी शिट्टी: अर्धं केळं आणि दोन-तीन खजूर, किंवा राजगिऱ्याचा लाडू. चिक्कीचा चुरा होतो आणि कोरड्या घशात अडकतो. कंदी पेढे खिशात घेऊन येणाऱ्यांना एवढंच: ते पंढरपुरात पोचल्यावर.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. थंडीत तहान लागत नाही म्हणून प्यायलं जात नाही, आणि अकरानंतर डोकं दुखायला लागतं. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. पाकीट एक लिटरचं असतं. ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत पूर्ण ओतू नये, दाट होतं आणि पोट ढवळतं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने.

२१ डिसेंबर, रविवार. ५० किमी

हलका. दुपारी चेन मोजल्या. कडा सरळ असलेली पोलादी पट्टी पिनेच्या मध्यावर लावायची; नव्या चेनच्या २४ पिना-अंतरांना बरोबर १२ इंच. एक-सोळांश इंच वाढली की चेन बदला. एक-अष्टमांश वाढेपर्यंत थांबलात तर मागचं चक्रही बदलावं लागतं, कारण दाते त्या झिजलेल्या चेनच्या मापाने झिजलेले असतात आणि नवी चेन त्यावर घसरते. तीन चेन बदलल्या.

इंजिन ऑइल घालू नये. जाड तेलावर माणची धूळ बसली की घासायची पेस्ट तयार होते. डिझेलने धुवायची, फडक्याने कोरडी करायची, प्रत्येक जोडावर पातळ तेलाचा एक थेंब, दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं पुसायचं. तेल आत हवं, बाहेर नको.

२८ डिसेंबर, रविवार. १०५ किमी

प्रत्यक्ष मार्गावर, साडेबावन्नला मागे. सहाला अंधारात निघालो. माहुलीच्या पुलावर धुकं, बोटं बधिर. छातीवर जर्किनच्या आत वर्तमानपत्राची घडी घातली होती त्यांना वारा लागला नाही; कोरेगावात काढून टाकली.

फिरतं चाक ६ तास ६, सरासरी १७.२. एकूण ७ तास २४. वाया ७८. वाया वेळ इथे स्थिरावली, आणखी कमी करायची नाही. पुढे खाण्यावर गदा येईल.

आज जे लक्षात आलं ते कागदावर कधीच आलं नसतं. रस्ता पूर्वेला जातो. सव्वासातपासून साडेआठपर्यंत सूर्य सरळ डोळ्यांत. आपल्याला खड्डे दिसत नाहीत हा अर्धा भाग. मागून येणाऱ्या चालकाच्याही डोळ्यांत तोच सूर्य असतो, आणि त्याला आपण दिसत नाही. म्हणून मागचा लाल दिवा लुकलुकता, नऊपर्यंत चालूच. पाठीवर भगवी किंवा पोपटी पट्टी. या तासाभरात कुणीही रेंगाळत फोटो काढणार नाही.

वारा थंडीत पूर्वेकडून, म्हणजे समोरून. सकाळी नावापुरता, दहानंतर जाणवणारा. या काळात पुढची पाळी तीनऐवजी दीड किलोमीटर, आणि दोन धडधाकट माणसं मागच्या गटात द्यायची. चांगले सगळे पहिल्या गटात असले की पहिला गट लवकर पोचतो. पंढरपूरला सोळा जणांनी पोचायचंय.

४ जानेवारी २०२६, रविवार. ८५ किमी

१०५ च्या वर सरावात जायची गरज नाही. तीन-चतुर्थांश अंतर नीट खात-पीत झालं असेल तर उरलेलं होतं. १४० एकदा करून बघू म्हणणाऱ्यांना परवानगी नाही. त्याची थकावट उतरायला दहा दिवस जातात.

११ जानेवारी, रविवार. ५० किमी

आता नवं काही नाही. नवी सीट नाही, नवे बूट नाहीत, नवा टायरही नाही. सगळ्यांचे ब्रेक पॅड तपासले, दोघांचे बदलले.

१७ जानेवारी, शनिवार

प्रत्येकाजवळ: एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, दोन बाटल्या, आधार कार्ड, पुढचा-मागचा दिवा. प्रत्येक गटात: पंप, अडॅप्टर, अॅलन की संच, चेन तोडायचं हत्यार, सोल्युशन-पॅच, वॉलट्यूब, चिकटपट्टी, दहा झिप-टाय, मलमपट्टी. टेम्पोत: दोन जादा चाकं, २० लिटरचे तीन जार, केळी सहा डझन. टेम्पो सायकलींच्या मागे रांगत येणार नाही; थांब्यावर आधी जाऊन उभा राहील. मागे रांगणारा टेम्पोच वाहतूक तुंबवतो.

थांबे: पुसेगाव १५ मिनिटं, गोंदवले ३५, म्हसवड १५, पिलीव १५.

१८ जानेवारी, रविवार. १४० किमी

निघालो ६:००. वर्धनगडचा माथा शेवटच्या माणसाने गाठला ७:५५ ला. दोघे काळ्या सायकलीवाले घाट चढताना सायकलवरून उतरले नाहीत. पुसेगाव, मग दहिवडीपर्यंत सगळं वेळेत. गोंदवल्यात भात-आमटी, अर्धपोटी. म्हसवडच्या अलीकडे वारा लागला, वेग १५ वर आला. पिलीवचा छोटा घाट कागदावर काहीच नाही, पण शंभर किलोमीटर पायात असताना आहे. तिथे सात जण चालत चढले. पंक्चर चार, चारही माणमध्ये, तीन सराटे आणि एक बारीक तार. सरासरी ९ मिनिटं प्रत्येकी. बाकीचे दोन गट थांबले नाहीत, पुढच्या थांब्यावर भेटले.

पंढरपूर ३:४०. फिरतं चाक ७ तास ५२, सरासरी १७.८. वाया १०८ मिनिटं, त्यात ठरलेले थांबे ८०. सोळाच्या सोळा.

१९ जानेवारी, सोमवार

टेम्पो रिकामा केला. दोन सायकलींचा मागचा गिअर आत वाकला. चेनची बाजू खाली ठेवून आडव्या रचल्या आणि वर दुसऱ्या दोन टाकल्या. चेनची बाजू नेहमी वर, मध्ये पुठ्ठा, पॅडल काढलेली. डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं, हेही अंधारात कुणाच्या लक्षात राहिलं नाही; एक पॅडल जोर लावून आणखी घट्ट बसवलंय. त्याला आज रात्री तेल सोडून ठेवलंय, उद्या लांब पान्याने बघू.